यंत्राच्या ओळीतली आपल्या गावाची शीव

आम्ही मुलचेरा तालुक्यातल्या बचत गटांच्या समन्वयक. एरवी आम्ही तुमच्याशी बचत, व्याज, शेळीपालन यांवर बोलतो. आज एका यंत्रावर बोलणार आहोत. जंगलाची शीव मोजताना काडेपेटीहून थोडे मोठे एक जीपीएस यंत्र हातात धरून माणसे फिरतात, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिले असेल. त्याला वायर नसते. ते ब्लूटूथवरून मोबाइलला आकडे पाठवते आणि त्या आकड्यांतून नकाशा तयार होतो. ते आकडे वाचायचे कसे, हे आज सांगतो.

हे बायांनी का शिकायचे? २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क सांगता येतो. त्यासाठी ग्रामसभा वनहक्क समिती निवडते. समितीत १० ते १५ सदस्य असतात आणि त्यांतल्या किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात. दाव्याचा नकाशा आणि पुरावे तयार करणे हे या समितीचे काम. म्हणजे नकाशाच्या कागदावर आपल्यातल्या कुणाची तरी सही होणार. जिच्या सहीने शीव ठरते, तिला त्या शिवेचा आकडा वाचता यायला हवा.

आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढ्याचे नाव घेतात. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही त्या ग्रामसभेच्या हाती आला. बांबू कोणत्या नाल्यापर्यंत आपला, तेंदूपत्ता कोणत्या टेकडीपर्यंत आपला, हे शिवेवरून ठरते. पैसा त्यामागून येतो.

आता यंत्राकडे वळू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. यंत्राला एका वेळी निदान चार उपग्रह नीट ऐकू आले, की ते आपली जागा आणि उंची काढते. मग बहुतेक यंत्रे दर सेकंदाला त्याच्या ओळी पाठवतात. या ओळींची भाषा ठरलेली आहे. अमेरिकेतल्या जहाजांवरच्या यंत्रांसाठी ती १९८३ मध्ये तयार झाली, तिला एनएमईए ०१८३ म्हणतात. जहाजांसाठी बनलेली ही भाषा आज आपल्या सागाच्या रानातही चालते.

एक ओळ वाचून दाखवतो. समजा, अशी ओळ आली: डॉलरचे चिन्ह, जीपीजीजीए, स्वल्पविराम, ०५३०००, स्वल्पविराम, १९४०.५०००, स्वल्पविराम, एन, स्वल्पविराम, ०८००२.४०००, स्वल्पविराम, ई, स्वल्पविराम, १, स्वल्पविराम, ०८. पुढे आणखी काही रकाने, शेवटी ताऱ्याचे चिन्ह आणि त्यानंतर दोन अक्षरे.

ऐकून घाबरू नका. गटाच्या वहीत तारीख, नाव, जमा, कर्ज, शिल्लक असे रकाने असतात ना, तसेच हे रकाने आहेत. उभ्या रेघेच्या जागी स्वल्पविराम आहे, एवढेच. पहिला रकाना ओळीचे नाव. दुसरा वेळ, ०५३००० म्हणजे साडेपाच. पण ही जागतिक वेळ आहे. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे तेव्हा सकाळचे ११ वाजलेले असतात. मग उत्तरेचा आकडा आणि एन, म्हणजे उत्तर. मग पूर्वेचा आकडा आणि ई, म्हणजे पूर्व. त्यानंतरचा १ सांगतो की जागा मिळाली. तिथे शून्य असेल तर जागा मिळालेली नाही, ती ओळ सोडून द्यायची. ०८ म्हणजे आठ उपग्रहांचा आधार आहे.

आता सगळ्यांत जपायची गोष्ट. उत्तरेचा आकडा १९४०.५ आहे. त्यातले पहिले दोन अंक अंश, म्हणजे १९ अंश. उरलेले ४०.५ हे मिनिटे. एका अंशाची मिनिटे ६०, शंभर नव्हेत. घड्याळात साडेनऊ आपण ९.३० लिहितो. पण साडेनऊ तासांची मजुरी काढताना ९.३० ने गुणले तर मजुराचे पैसे बुडतात, ९.५० ने गुणावे लागते. इथेही तसेच. ४०.५ ला ६० ने भागा, ०.६७५ येते. म्हणजे जागा १९.६७५ अंशांवर आहे. पूर्वेच्या आकड्यात अंशांचे अंक तीन असतात: ०८० अंश आणि २.४ मिनिटे. २.४ भागिले ६० म्हणजे ०.०४. जागा झाली ८०.०४.

कुणी न भागता नुसता टिंब सरकवला आणि १९.४०५ लिहिले तर? एक अंश उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर असतो. फरक ०.२७ अंशांचा, म्हणजे शिवेचा दगड जवळजवळ ३० किलोमीटर दक्षिणेला, थेट अहेरीच्या बाजूला जाऊन पडेल. हे निदान नकाशा पाहताच कळेल. पूर्वेच्या आकड्यात तीच गफलत झाली तर ८०.०४ च्या जागी ८०.०२४ होईल. हा फरक दीड किलोमीटरहून थोडा जास्त. मोठ्या नकाशावर तो डोळ्याला दिसणारही नाही, पण गावात दीड किलोमीटर म्हणजे शेजारच्या गावाचे मोहाचे रान. पुढे दोन गावांत भांडण लागते आणि कागद कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

दर सेकंदाला एक ओळ धरली तर चार तासांच्या फेरीत १४,४०० ओळी होतात. त्या हाताने कोण भागणार? म्हणून संगणकावर किंवा मोबाइलवर छोटा प्रोग्राम लिहितात. पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत तो वीस-पंचवीस ओळींत बसतो, बारावी झालेल्या आपल्या मुली तो शिकू शकतात. त्याची कामे अशी.

पहिले काम, ओळ पूर्ण होईपर्यंत थांबणे. बिनतारी यंत्राकडून ओळ कधी कधी तुकड्यातुकड्यांनी येते. अर्धी ओळ वाचली तर अर्धाच आकडा मिळतो. म्हणून तुकडे जोडत जायचे आणि ओळ संपल्याची खूण आली की मगच वाचायचे.

दुसरे काम, ताळा पाहणे. डॉलर आणि तारा यांच्यामधल्या प्रत्येक अक्षराला संगणकात एक अंक असतो. ते सारे अंक एक्सऑर नावाच्या क्रियेने एकमेकांत मिसळले की जे उरते, तेच ताऱ्यानंतरच्या दोन अक्षरांत लिहिलेले असते. आपले उत्तर त्याच्याशी जुळले तर ओळ वाटेत बिघडली नाही असे धरायचे. जुळले नाही तर ओळ बाद. महिन्याच्या बैठकीत वहीची बेरीज आणि पेटीतली रक्कम जुळल्याशिवाय आपण उठत नाही, तीच शिस्त.

तिसरे काम, स्वल्पविरामाच्या जागी ओळ तोडून रकाने वेगळे करणे. चौथे, जागा मिळाल्याचा रकाना शून्य असेल किंवा आकड्याची जागा रिकामी असेल तर ओळ टाकून देणे. पाचवे, मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवणे आणि फाइलमध्ये लिहून ठेवणे. झाला प्रोग्राम.

मोजणीच्या वेळचीही दोन पथ्ये आहेत. दाट पानांखाली उपग्रहांचा आवाज क्षीण होतो आणि जागा कित्येक मीटर सरकते. सागाची पाने गळालेली असतात तेव्हा आकाश मोकळे मिळते, म्हणून उन्हाळ्यात मोजलेले बरे. शिवेच्या प्रत्येक वळणावर दोन मिनिटे थांबा. तेवढ्यात १२० ओळी मिळतात, त्यांची सरासरी एका ओळीपेक्षा जास्त भरवशाची.

आणि यंत्राला सर्वज्ञ समजू नका. आपण उभ्या आहोत ती जागा कोणती, एवढेच ते सांगते. शीव तिथूनच जाते की नाही, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते मोहफुले वेचणाऱ्या आजीला, गुरे चारणाऱ्या बाबांना, देवाच्या जागेपाशी पूजा करणाऱ्या माणसाला. कायद्याच्या नियमांतही लिहिले आहे की उपग्रहाचे चित्र किंवा असे तंत्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरायचे, त्यांच्या बदल्यात नव्हे. तेव्हा आधी जुन्या माणसांनी पुढे चालायचे, यंत्राने मागून यायचे.

आमच्या गटांत कुणी गोंडी बोलते, कुणी बंगाली, कुणी मराठी. सुरुवातीला एकीचे दुसरीला कळत नाही, तरी पासबुक सगळ्यांना वाचता येते, कारण रकाने माहीत झालेत. यंत्राची ओळही तशीच माहीत होईल.

तुमच्या गावात मोजणी होईल तेव्हा सहीआधी तीन गोष्टी विचारा. मूळ ओळींची फाइल ग्रामसभेला मिळणार का? मिनिटांना ६० ने भागले का? प्रत्येक खुणेवर किती उपग्रह होते? उत्तरे कागदावर घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. गटाच्या पुढच्या बैठकीला वहीचे कोरे पान आणि पेन घेऊन या. आज सांगितलेली ओळ फळ्यावर लिहू आणि सगळ्या मिळून भागाकार करू.