काडतुसाच्या पुंगळीची लांबी

खानदेशातील वरणगाव येथे १९६४ साली स्थापन झालेल्या आयुध निर्माणीत रायफलीची काडतुसे तयार होतात. ७.६२ × ५१ जातीच्या काडतुसाची पितळी पुंगळी ५१.१८ मिलिमीटरहून लांब असता कामा नये. नवी पुंगळी या मापातच असते. प्रश्न उद्भवतो तो झाडलेली पुंगळी पुन्हा भरताना. स्फोटाच्या दाबाने पितळ मानेकडे सरकते व पुंगळी लांबते. मग तिचे तोंड काडतूस बसण्याच्या जागेत दाबले जाऊन गोळीला आवळते, दाब बेसुमार वाढतो आणि नेमबाजाचे डोळेही धोक्यात येतात.

तेव्हा छाटणीचे उपकरण निवडताना वेगाहून अचूकतेस अधिक महत्त्व द्यावे. ठराविक मापाचे हातउपकरण स्वस्त व भरवशाचे, परंतु एकाच जातीच्या पुंगळीस उपयोगी पडणारे. हाताने फिरवावयाचे लहान लेथ अनेक जातींस चालते. मात्र दर वेळी माप जुळवावे लागते. विजेचे यंत्र शेकडो पुंगळ्या असतील तरच परवडते. कोणतेही घेतले तरी काप सरळ यावा, आणि तोंडाची धारदार कड आतून-बाहेरून घासून काढावी.

भारतात काडतुसे तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो. तो ज्याच्याजवळ आहे, त्याने आधी उत्तम व्हर्निअर कॅलिपर घ्यावा. छाटावयाचे असते ते जेमतेम पाव मिलिमीटर.