यंत्राला कोण शिकवतं?

(अभ्यासशिबिरातलं भाषण)



मी कॉम्प्युटर सायन्स शिकलो, आज तेच शिकवतो. पोरं-पोरी येऊन विचारतात, 'सर, एआय घेऊ का? स्कोप आहे का?' स्कोप हा बाजाराचा शब्द. बाजार आज चढतो, उद्या आपटतो. १९५६ साली अमेरिकेत डार्टमथला या विषयाचं बारसं झालं. १९५८ ला रोझेनब्लाटचा पर्सेप्ट्रॉन आला आणि पेपरवाल्यांनी 'यंत्र आता चालणार, बोलणार' असा डांगोरा पिटला. १९६९ ला मिन्स्की आणि पेपर्टनी गणितानं दाखवलं, की एकाच थराच्या पर्सेप्ट्रॉनला साधा एक्स-ऑर जमत नाही. पुढं पैसा आटला. २०१२ नंतर पुन्हा जत्रा भरली. तेव्हा जत्रेकडं बघून शिकू नका.

मग काय शिकायचं? डिग्रीत आधी येतो शोध, म्हणजे यंत्रानं वाट कशी काढायची ते. मग तर्कशास्त्र. मग संभाव्यता, बेजचा नियम. मग यंत्राला शिकवणं. या सगळ्याच्या बुडाशी मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, प्रोबॅबिलिटी. म्हणजे तेच एम-१, एम-२, ज्यात आपल्या पोरांना केटी लागते. मराठी शाळेतून आलेल्या पोराच्या अंगावर पहिल्या दिवशी इंग्रजीतलं मॅट्रिक्स फेकतात. मागच्या बाकावर बसून त्याला वाटतं, हे आपल्या डोक्यातलं नाही. साफ खोटं आहे!

पर्सेप्ट्रॉनच बघा. प्रत्येक माहितीला एक वजन द्यायचं. गुणायचं, बेरीज करायची. बेरीज उंबरठ्याच्या वर गेली तर 'हो', नाहीतर 'नाही'. उत्तर चुकलं की वजनं थोडी सरकवायची. हजारदा सरकवायची. यालाच यंत्राचं शिकणं म्हणतात. यात कसलं आलंय ब्रह्मज्ञान?

पण चुकलं की बरोबर, हे ठरवतं कोण? जुन्या नोंदी. आणि जुन्या नोंदी कुणी केल्या? समजा, एका सावकारी बँकेनं वर्षानुवर्षं आपल्या वस्तीला कर्ज नाकारलं. त्याच नोंदी यंत्राला चारल्या. जातीचा रकाना काढून टाकला आणि म्हणाले, बघा, आम्ही निःपक्षपाती! अरे, पण आडनाव राहिलं. पिनकोड राहिला. यंत्राला 'जात' हा शब्दही माहीत नसतो, तरी ते वस्तीवरून माणूस बरोबर हुडकतं.

ही कल्पनेतली भीती नाही. २०१८ साली जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन काळ्या स्त्रियांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के. काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत! नुसता अन्याय झाला म्हणून ओरडून हे सिद्ध झालं नसतं. त्यांना यंत्राचं पोट फाडता येत होतं, म्हणून आकडा टेबलावर आपटता आला.

म्हणून सांगतो, विहारात, वाचनालयात, जिथं फळा असेल तिथं संध्याकाळी बसा. एम-१ मराठीत सोडवा. सीनियर पोरींनी ज्युनियरांना शिकवावं. तयार लायब्ररी न वापरता पर्सेप्ट्रॉन हातानं लिहा. पायथनच्या तीसएक ओळी लागतात, महागडं मशीन लागत नाही.

पोथी कुणी लिहिली, हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीनं विचारला. नोंदी कुणी लिहिल्या, हा प्रश्न आपल्या वाट्याला आलाय. तो विचारायला गणित लागतं.

जय भीम!