होल्डचं लेबल आणि लिव्हरची गाठ

श्रोतेहो, विषय मायक्रोआरएनएचा आहे, पण शेवटी वेळ उरत नाही म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. कंपनीच्या मेडिकलमध्ये रक्तातलं एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे लिव्हर ठणठणीत, असं धरून चालू नका. हिपॅटायटिस बीची तपासणी वेगळी असते. ती करून घ्या. हे मी पुन्हा सांगणार आहे.

२०२४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मायक्रोआरएनएसाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं, तेव्हापासून ‘डॉक्टर, ती रक्ताच्या एका थेंबातली कॅन्सरची टेस्ट कुठे होते?’ असं विचारणारे वाढलेत. शोध तसा जुना, १९९३चा, आणि लागला तो मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत.

चाकणच्या कारखान्यात लाइनवर काम करणाऱ्याला हे प्रकरण चटकन कळेल. मूळ ड्रॉइंग डिझाइनवाल्यांच्या कपाटात असतं, लाइनवर येतं ते जॉब कार्ड. कार्ड आलं की माल बनायला लागतो. पेशीतही जनुकं कपाटातच राहतात, त्यांची आरएनएमधली नक्कल बाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. मग क्वालिटीवाला येतो आणि कार्डावर ‘होल्ड’चं लेबल चिकटवतो. काम बंद. कधी तर कार्डच फाडून टाकतो. हा क्वालिटीवाला म्हणजे मायक्रोआरएनए. लांबी जेमतेम बावीस अक्षरं. स्वतः काही बनवत नाही, नुसता अडवतो.

यकृतात यांतला एकच गडी जिकडेतिकडे दिसतो, मिर-१२२. तिथल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के हाच. यकृताच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठींत तो घटलेला सापडतो. उंदरांच्या यकृतातून तो काढून टाकला, तर आधी चरबी नि सूज आणि पुढे गाठी होतात, हे २०१२मध्ये दिसलं. मिर-२१चं उलटं. तो गाठीत वाढतो आणि होल्ड लावतो तो नेमका पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या कार्डांवर. क्वालिटीवाले सगळेच सज्जन नसतात, हे चाकणकरांना मी काय सांगावं!

मग रक्तात मिर-१२२ मोजला की झालं? इथंच गफलत होते, नीट ऐका. गाठीत तो कमी होतो, पण रक्तात वाढू शकतो. यकृताची पेशी मेली की शॉपमधली लेबलं गेटबाहेर वाहत येतात. त्यावरून आत मोडतोड झाली एवढंच कळतं. दारूनं झाली, काविळीनं, पॅरासिटामॉलच्या भरमसाट डोसनं की कर्करोगानं, हे लेबल सांगत नाही. म्हणून शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ९३४ जणांच्या रक्तात सात मायक्रोआरएनए एकत्र तपासले. अहवाल २०११चा. सातांचा मेळ घातल्यावर लहान गाठीसुद्धा बऱ्यापैकी ओळखता आल्या. पण ते कर्करोगाचे रुग्ण हिपॅटायटिस बीचे. आपल्याकडे बी आहे, सी आहे, दारू आहे, मधुमेहाबरोबर येणारी यकृतातली चरबी आहे, आणि एकाच माणसात यांतलं दोन-तीन! तो मेळ इथल्या रक्तावर इथंच पारखून घ्यायला हवा.

उपचाराचं थोडक्यात. बेपत्ता क्वालिटीवाल्याची पुन्हा नेमणूक करायची, ही कल्पना. अमेरिकेत मिर-३४ या दुसऱ्या क्वालिटीवाल्याची नक्कल चरबीच्या कणांत भरून २०१३पासून यकृताच्या आणि इतर कर्करोगांच्या रुग्णांना दिली. प्रतिकारशक्ती भलतीच उसळली, चार रुग्ण दगावले, २०१६मध्ये चाचणी थांबवली. म्हणून नाद सोडावा असं नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनं पिंपरीत १९५५मध्ये पेनिसिलिन बनवायला घेतलं, हिंजवडीच्या जेनोव्हाच्या एमआरएनए लशीला २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. औषधं आणि आरएनए हाताळणारे हात पुण्याच्या या पट्ट्यात आहेत. आणि हिपॅटायटिस सीचा विषाणू तर या मिर-१२२च्याच आधारानं वाढतो, त्यामुळे त्यालाच अडकवून ठेवणारं मिराव्हिर्सेन नावाचं औषध... ते राहू द्या, काचेपलीकडून स्टुडिओवाले घड्याळ दाखवताहेत.

तर पुन्हा तेच. भोसरी-चाकणकडून येणाऱ्यांची प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल उघडावी, तर वर ‘फिट’चा शिक्का, खाली एसजीपीटी ३१, आणि आज केलेल्या सोनोग्राफीत सहा सेंटिमीटरची गाठ. एचबीएसएजी कधी केलं? ‘ते काय असतं?’ अहो, टू-व्हीलरच्या सर्व्हिसिंगची तारीख तोंडपाठ असते तुम्हाला! बाळांना हिपॅटायटिस बीची लस देशभर मिळू लागली ती २०११-१२च्या सुमारास. आज लाइनवर उभी असलेली पोरं त्याआधी जन्मलेली. कंत्राटी पोरांची तर ही तपासणी करणार कोण?

एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बीची साधी रक्ततपासणी. जुलै २०१८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, सरकारी रुग्णालयात विचारा. सिरोसिस, म्हणजे यकृत निबर झालेलं असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जोडीला एएफपी ही रक्ततपासणी. बी निघालं, तर हा नियम तुम्हाला कधीपासून लागू, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण बीमध्ये सिरोसिस नसतानाही कर्करोग होतो. सोनोग्राफीला उपाशीपोटी जा, फर्स्ट शिफ्ट असेल तर हाफ डे टाका. आणि एकाचं पॉझिटिव्ह आलं, की आई, भावंडं, बायको, मुलं, सगळ्यांचं रक्त तपासा. ज्यांना लागण झालेली नाही आणि लसही मिळालेली नाही, त्यांना तीन डोस: आज, महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. तिसरा बहुतेक जण विसरतात, तेव्हा तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा.