डोळा पाहतो, कीं मेंदू?

काळ्या घोंगडीवर ज्वारीचे दोन दाणे चार बोटांच्या अंतरानें शेजारीं ठेवा. डावा डोळा झांकून उजव्यानें डावाच दाणा पाहात हळूहळू खालीं वांका. वीत-दीड वितीवर उजवा दाणा नाहींसा होईल! ही भुताटकी नव्हे. डोळ्याच्या पडद्यावरून मज्जातंतूंची दोरी जेथून मेंदूकडे निघते, तेथें पाहणाऱ्या पेशीच नाहींत. ती जागा मेंदू आसपासच्या काळ्या रंगानें भरून काढतो.

नांदेडच्या विणकरांना आम्हीं काय सांगावें? डोळा सूत पुरवितो, कापड मेंदू विणतो. पडद्यावर चित्र उलटें पडतें; त्याची खबर सुमारें १० लाख धाग्यांवाटे डोक्याच्या मागल्या भागांत पोहोंचते.

पण हें विणकाम मेंदू बाळपणींच शिकतो. पोराचा एक डोळा तिरळा किंवा अधू असला, तर मेंदू त्याचें सूत टाकून देतो. डोळा दिसायला धड, पण नजर जाते. 'तिरळें पोर नशीबवान' म्हणत आम्हीच तें नुकसान करतों! सात-आठ वर्षांच्या आंत डॉक्टरांच्या सल्ल्यानें चष्मा लावला, चांगल्या डोळ्यावर रोज कांहीं तास पट्टी बांधली, तर बहुधा नजर सुधारते.

म्हातारपणींचा मोतीबिंदू काढतां येतो, कारण मेंदू पाहणें शिकलेला असतो. लातूरकडील माकेगांवचे डॉ. तात्याराव लहाने यांना याच नेत्रसेवेसाठीं २००८ सालीं पद्मश्री मिळाली. लेकरांच्या डोळ्यांना मात्र थांबायला सवड नाहीं. मागल्या जन्मींचें पाप शोधूं नका; पोराला डॉक्टरांकडे न्या.