टेस्टर चकतो तेव्हा

मी कला शाखेचा पदवीधर. तरीही एका शाळेत टेस्टरच्या शब्दावर मूठभर चांगले ट्रान्झिस्टर टाकून दिलेले पाहिले, म्हणून बोलतो. हातातील हे यंत्र एकाच भागास आता चांगला, लगेच निकामी ठरवू लागले, तर प्रथम यंत्रच तपासावे. ज्ञात मूल्याचा रोधक खोबणीत दहा वेळा लावावा. आकडे फिरले तर ९ व्होल्टच्या बॅटरीचा दाब यंत्र चालू असताना मोजावा. बंद असतानाचे माप फसवे असते. मग बॅटरीची टोपी, खोबणीतील मळलेले स्पर्शक पाहावेत. लाकडी काडीने सर्किटची पाटी हलकेच दाबताच आकडे उडाले, तर सोल्डरचा सांधा तडकला असण्याचा संभव मोठा. आणि कपॅसिटर लावण्यापूर्वी त्यातील विद्युतभार रोधकातून उतरवावा. एवढे विसरल्यास यंत्रातील चिप कायमची जाऊ शकते.