पावती म्हणजे मालकी नव्हे



संग्रहालयातील मूर्तीखालच्या पाटीवर शतक असते, शैली असते. ती तेथवर कोणाकोणाच्या हातून आली, हे मात्र बहुधा नसते. हा इतिहास पावत्या, लिलावांच्या याद्या, निर्यात परवाने आणि जुनी छायाचित्रे ताडून शोधावा लागतो. हे संशोधन खरेदीपूर्वी व्हावे. ते अनेकदा चोरी उघडकीस आल्यावर होते.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली चोळकालीन नटराजाची कांस्यमूर्ती ५० लाख डॉलरांहून अधिक किमतीस घेतली. कागदपत्रांनुसार ती १९७१ पर्यंतच भारताबाहेर गेली होती. म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यापूर्वी. किती सोयीची तारीख! प्रत्यक्षात १९९४ साली ती तमिळनाडूतील श्रीपुरंतानच्या देवळातच होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधील छायाचित्र त्याची साक्ष देत होते. कागद बनावट ठरले आणि २०१४ साली मूर्ती भारतात परतली.

यातील न्यायाचा प्रश्न ध्यानात घ्या. त्या गावापाशी खरेदीखत नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. खरेदीखत होते ते चोरीचा माल विकणाऱ्यापाशी! पावतीने व्यवहार सिद्ध होतो, मालकी नव्हे. म्हणून पुराव्याचा भार ज्याची वस्तू गेली त्याच्यावर न टाकता, ज्याच्या ताब्यात ती आहे त्याच्यावर टाकला पाहिजे. संग्रहालयांनी आपली दप्तरे जनतेला खुली करावीत. आणि आपणही गावोगावच्या मूर्तींची छायाचित्रांसह नोंद करण्याचे काम हाती घ्यावे. श्रीपुरंतानला अखेर अशी एक नोंदच उपयोगी पडली.