तिसरा पाद : उपस्थाता

(रुग्णसेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाच्या उशाशी राहून परिचर्या करणारा. वैद्य आणि औषध यांच्या पंक्तीत त्याला बसवले आहे, ही या भूमीतील वैद्यकाची दृष्टी. त्याचे गुणही चार : परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. पैकी अनुरागाची आपल्या कुटुंबांत वाण नाही. घरातील कर्त्या पुरुषाची बायपास ठरली की नाशिकची बहीण, साताऱ्याचे मेहुणे, शेजारीपाजारी, शाखेतील मंडळी सारे धावून येतात. उणीव असते ती उरलेल्या तीन गुणांची.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी काय घडते ते पाहावे. रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका, असे परिचारिकेने रात्रीच बजावलेले असते. तरीही कोणी वडीलधारे चमचाभर तीर्थ आणि शिऱ्याचा प्रसाद घेऊन येतात. भावना निर्मळ असते, परंतु परिणाम घातक होऊ शकतो. भूल दिल्यावर घशाचे रक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. पोटातील अन्न उलटून श्वासमार्गात गेले तर प्राणावर बेतते. म्हणून हलके अन्न सामान्यतः सहा तास आधी आणि साधे पाणीही दोन तास आधी बंद करतात. जड जेवणाला त्याहून अधिक अवधी लागतो. हा पाश्चात्त्यांचा जाच आहे असे मानण्याचे कारण नाही. उदर, अश्मरी, मूळव्याध, मुखरोग अशा ठिकाणचे शस्त्रकर्म रुग्ण उपाशी असतानाच करावे, हे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. प्रसाद घरच्या देव्हाऱ्यात राहिला म्हणून देव रागावत नाही.

दुसरी गोष्ट लपवाछपवीची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे, कोणा परिचिताने दिलेला काढा, चूर्ण, एवढेच काय मिश्री आणि तंबाखूसुद्धा भूलतज्ज्ञापासून दडवली जाते. डॉक्टर रागावतील ही धास्ती. वास्तविक भूलतज्ज्ञाला रागवायचे नसते, हिशेब मांडायचा असतो. घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून त्याच्यापुढे ठेवणे, ही खरी दक्षता.

स्त्री रुग्णाच्या बाबतीत मंगळसूत्राचा प्रश्न हमखास येतो. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विद्युत् उपकरणांमुळे धातूच्या दागिन्यापाशी भाजण्याचा धोका असतो, म्हणून ते काढावेच लागते. ऐनवेळी कोणी घाईने काढायला लावले की त्या माउलीच्या मनात नको ती शंका उभी राहते. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पतीनेच ते आपल्या हाताने उतरवावे, रुमालात बांधून स्वतःपाशी ठेवावे आणि तसे तिला सांगावे.

रक्ताची गोष्टही अशीच आधी पाहायची. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून देशात बंदी आली. तेव्हापासून रक्तपेढ्यांचा भार स्वेच्छेने देणाऱ्यांवर आणि नातेवाईकांवर आहे. वीस जणांनी फळांची पिशवी घेऊन खाटेभोवती गर्दी करावी, जंतू वाहून आणावेत, आणि रक्तपेढीकडे मात्र कोणी फिरकू नये, हे चित्र शोभादायक नाही. चौघांनी तिकडे जावे, दोघांनी कागदपत्रे पाहावीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत विम्याची मर्यादा प्रतिकुटुंब 5 लाख रुपये करण्याचा निर्णय 2023 साली झाला. परंतु शिधापत्रिका आणि ओळखपत्र वेळेवर हाती नसेल तर योजना असून नसल्यासारखी. सर्दी-खोकला असलेल्याने तर घरूनच दूरध्वनी करावा.

आता सर्वांत अवघड विषय. अनेक घरांत रुग्णाला आजाराचे नावही सांगत नाहीत. ‘छोटीशी गाठ आहे, काढून टाकतील’ एवढ्यावर त्याला शस्त्रक्रियागृहात नेतात. रुग्णाचे जे गुण चरकाने सांगितले त्यांत निर्भयता आहे आणि आपली व्यथा नीट सांगता येणे हेही आहे. ज्याला काही कळूच दिले नाही त्याने निर्भय कशाच्या बळावर व्हावे? सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घेतली पाहिजे, आईने दिलेली संमती त्या जागी चालत नाही, असे 2008 साली सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात स्पष्ट केले. कायद्याचे राहू द्या. रुग्णाला बहुधा सारे कळलेलेच असते. रात्री दिवे मंद झाल्यावर तो म्हणतो, ‘मला काही झालं तर...’ आणि पुढचे शब्द फुटण्याआधीच चार तोंडे म्हणतात, ‘असं अभद्र बोलू नका हो.’ त्याला मरणाविषयी बोलायचे नसतेच कदाचित. धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव, सोसायटीचे कर्ज, भावाशी दहा वर्षे धरलेला अबोला, असे काही सांगायचे असते. त्याचे तोंड बंद करून घरचे स्वतःच्या भीतीपासून सुटका करून घेतात. त्या रात्री उशाशी एकानेच बसावे. ज्याला ऐकता येते त्याने. उत्तर द्यावेच असे नाही. भावाला मात्र पहाटेपर्यंत बोलावून घ्यावे.

आणि ही पाळी दर रात्री सुनेच्याच वाट्याला का यावी? दिवसभर घर, रात्री रुग्णालयातील बाकडे. तिसऱ्या दिवशी तीच आजारी पडते. नाना पालकर 1967 साली गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ परळमध्ये जी समिती उभी राहिली, तिने टाटा रुग्णालयात उपचारांसाठी परगावाहून येणाऱ्या रुग्णांबरोबरच त्यांच्या सोबत्यांच्याही निवाऱ्याची चिंता वाहिली. प्रत्येक गावात तशी वास्तू उभी राहणार नाही. पण बायपासला चार-पाच तास लागतात, त्यानंतर रुग्ण अतिदक्षता विभागात जातो आणि तेथे सोबत्याला थांबू देत नाहीत. तेवढ्या वेळात रुग्णालयाजवळ राहणाऱ्या एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी त्या सुनेला न्यावे. अंघोळीला गरम पाणी, वरण-भात आणि दोन तास झोप. खाली बाकड्यावर तिचा फोन घेऊन दुसऱ्या कोणी बसावे.